डीबग करताना डेटा स्ट्रक्चरच्या आत कसं बघायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेकपॉइंट लावणं आणि एकेक ओळ पुढे सरकणं बहुतेक जण पहिल्याच दिवशी शिकतात. घोडं अडतं ते थांबल्यानंतर. समोर पॉइंटरचे पत्ते दिसतात, अर्धवट याद्या दिसतात, कधीच न लिहिलेली नावं दिसतात, आणि यातलं खरं काय ते कळत नाही. याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. आज्ञा आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा.

१. प्रिंट टाकून माझं काम भागतं. मग वेगळं साधन कशाला शिकू?

भागत असेल तर प्रिंटच वापरा, त्यात कमीपणा काही नाही. एकदाच चालवायची स्क्रिप्ट असेल, किंवा थांबवलं की वेळेचं गणित बिघडून दोषच गायब होत असेल, तर प्रिंट हेच योग्य साधन आहे.

प्रिंटची अडचण अशी की प्रश्न आधी ठरवावा लागतो. ट्रीची डावी शाखा छापली, ती बरोबर निघाली, आता उजवी बघायची म्हटलं तर नवी ओळ लिहा, पुन्हा कंपाइल करा, पुन्हा तीच स्थिती आणा. डीबगरमध्ये थांबलात की एका उत्तरातून सुचलेला पुढचा प्रश्न तिथेच विचारता येतो. स्ट्रक्चर जितकं खोल, तितका हा फरक मोठा.

आणि प्रिंटच करायचं तर नीट करा. पायथनमध्ये पीप्रिंट, रुबीत पीपी, पीएचपीत व्हार_डंप, पर्लमध्ये डेटा::डंपर ही साधनं आतली रचना उलगडून दाखवतात. रस्टमधला डीबीजी! मॅक्रो (२०१९ च्या १.३२ आवृत्तीपासून) फाइल, ओळ, लिहिलेली एक्स्प्रेशन आणि तिची किंमत असं सगळं एकदम छापतो. ‘इथे आलो’, ‘इथे आलो २’ असल्या ओळींपेक्षा ते कितीतरी उपयोगी.

२. माझ्या भाषेसाठी कोणतं साधन घेऊ?

सी, सी++ साठी जीडीबी किंवा एलएलडीबी. जीडीबी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला आणि आजही तो लिनक्सवरचा पहिला आधार आहे. रस्टसाठीही हेच दोघे, पण थेट न उघडता रस्ट-जीडीबी किंवा रस्ट-एलएलडीबी या नावांनी उघडा, म्हणजे व्हेक आणि स्ट्रिंग वाचनीय दिसतात. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ. कोसळलेल्या प्रोग्रामच्या तपासाला विनडीबीजी. गो भाषेला डेल्व्ह. पायथनमध्ये पीडीबी सोबतच येतो, आणि ३.७ आवृत्तीपासून नुसतं ब्रेकपॉइंट() लिहिलं की तो उघडतो. जावाला इंटेलिजे किंवा एक्लिप्स, जावास्क्रिप्टला ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स.

व्हीएस कोड बहुतेक भाषांत फक्त चेहरा असतो. मागे वरच्यांपैकीच कोणीतरी काम करत असतं. खिडकीत काही विचित्र दिसलं तर मागच्या डीबगरला त्याच्या भाषेत विचारून बघा.

३. व्हेरिएबलऐवजी ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ असं का दिसतं?

मशीन कोडमध्ये व्हेरिएबलची नावं नसतात आणि स्ट्रक्चरचे फील्डही नसतात. असतात ते पत्ते आणि बाइट. कोणत्या पत्त्यावर कोणतं फील्ड आहे हे डीबगरला कंपायलरने वेगळ्या लिहून ठेवलेल्या माहितीतून कळतं. लिनक्स आणि मॅकवर ही माहिती ड्वॉर्फ नावाच्या स्वरूपात असते, विंडोजवर पीडीबी फाइलमध्ये (वर आलेल्या पायथनच्या पीडीबीचा याच्याशी संबंध नाही, नाव तेवढं सारखं). जीसीसी आणि क्लँग या सी, सी++ च्या कंपायलरना ‘-जी’ हा पर्याय दिल्याशिवाय ती तयार होत नाही.

ऑप्टिमायझेशन चालू असलं की कंपायलर व्हेरिएबल रजिस्टरमध्ये ठेवतो, काम संपल्यावर ते रजिस्टर दुसऱ्याला देतो, किंवा व्हेरिएबल मुळातच काढून टाकतो. त्या क्षणी ती किंमत कुठेच उरलेली नसते, म्हणून डीबगर तसं सांगतो. तो प्रामाणिक आहे. ‘-ओ०’ किंवा ‘-ओजी’ देऊन पुन्हा कंपाइल करा. ते शक्य नसेल तर स्टॅकमध्ये (एकाने दुसऱ्याला बोलावलेल्या फंक्शनच्या उतरंडीत) एक फ्रेम, म्हणजे एक पायरी, वर जा. तीच वस्तू ज्याने पाठवली त्या फंक्शनमध्ये ती अजून जिवंत सापडण्याची चांगली शक्यता असते.

४. पॉइंटर छापला तर नुसता पत्ता येतो. आतलं कसं दिसेल?

जीडीबीत नावापुढे तारा लावा: ‘प्रिंट *हेड’. एका ओळीत सगळं कोंबलेलं दिसलं तर ‘सेट प्रिंट प्रिटी ऑन’ द्या. प्रत्येक फील्ड स्वतंत्र ओळीवर येतं. प्रकारच माहीत नसेल तर ‘पीटाइप’ विचारा.

पॉइंटर अ‍ॅरेकडे बोट दाखवत असेल तर डीबगरला लांबी कळायला मार्ग नाही, ती तुम्हीच सांगायची. जीडीबीत ‘प्रिंट *अ‍ॅरे@१०’, व्हिज्युअल स्टुडिओच्या वॉच खिडकीत पॉइंटरच्या नावापुढे स्वल्पविराम आणि १०, एलएलडीबीत ‘पीअ‍ॅरे १०’ आणि मग नाव. लिंक्ड लिस्टमधून चालत जायचं तर जीडीबीत एक सोयीची युक्ती आहे: ‘सेट $एन = हेड’, मग ‘प्रिंट *$एन’, मग ‘सेट $एन = $एन->नेक्स्ट’. शेवटच्या दोन आज्ञा पुन्हा पुन्हा द्यायच्या. पाच-सात नोडपर्यंत हे पुरतं, पुढे प्रश्न ६ आणि १० बघा.

५. सी++ चा मॅप उघडला की अंडरस्कोरवाली भलतीच नावं दिसतात. माझा डेटा कुठे आहे?

तुम्ही मॅप उघडला, पण डीबगरने तो ज्यापासून बनला आहे ते उघडलं. लायब्ररीतला मॅप सहसा आतून रेड-ब्लॅक ट्री असतो, आणि दिसतात ती नावं त्या ट्रीच्या नोडची, रंगाची, डाव्या-उजव्या पॉइंटरची. तुमच्या जोड्या तिथेच आहेत, चार पातळ्या खाली.

हे वाचनीय करणाऱ्या जोडणीला जीडीबीत प्रिटी प्रिंटर म्हणतात. जीडीबी ७.० (२००९) पासून ते पायथनमध्ये लिहिता येतात आणि जीसीसीची सी++ लायब्ररी स्वतःचे घेऊनच येते. ‘इन्फो प्रिटी-प्रिंटर’ दिल्यावर यादी रिकामी दिसली तर ते लोड झालेले नाहीत. बहुतेकदा कारण असतं ते ऑटो-लोडची सुरक्षा सीमा, म्हणजे परवानगी नसलेल्या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट जीडीबी आपोआप लोड करत नाही. जीडीबी सुरू होताना त्याबद्दल इशारा छापतो आणि आपण तो न वाचता पुढे जातो. एलएलडीबीत याच कामाला समरी आणि सिंथेटिक चिल्ड्रन, तर व्हिज्युअल स्टुडिओत २०१२ च्या आवृत्तीपासून नॅटव्हिस नावाची एक्सएमएल फाइल.

एक गोष्ट या पानावर मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, ती इथे पहिल्यांदा: खिडकीत दिसतं ते तुमच्या स्ट्रक्चरचं कोणीतरी काढलेलं चित्र असतं. चित्रावर संशय आला की मूळ बघा. जीडीबीत ‘प्रिंट/आर’ आणि व्हिज्युअल स्टुडिओत नावापुढे स्वल्पविराम व उद्गारचिन्ह दिलं की प्रिटी प्रिंटर बाजूला होतो. उदाहरणार्थ, फंक्शनच्या पहिल्याच ओळीवर थांबलात आणि खाली जाहीर केलेल्या व्हेक्टरची लांबी अब्जांत दिसली, तर त्याचा कन्स्ट्रक्टर अजून चाललेलाच नाही. प्रिंटर मेमरीतला कचरा मन लावून वाचतो आहे.

६. माझ्या स्वतःच्या स्ट्रक्चरसाठी असा प्रिंटर लिहिणं अवघड आहे का?

नाही, आणि ज्या स्ट्रक्चरशी महिनोन्महिने काम आहे त्यासाठी तो न लिहिणं महाग पडतं. सी शार्पमध्ये क्लासवर डीबगरडिस्प्ले नावाचं अ‍ॅट्रिब्यूट एका ओळीत लागतं. पायथनमध्ये रेपर ही पद्धत लिहा, रस्टमध्ये डिराइव्ह करून डीबग मिळवा. नॅटव्हिसमध्ये लिंक्ड लिस्टसाठी लिंक्डलिस्टआयटम्स आणि ट्रीसाठी ट्रीआयटम्स असे तयार टॅग आहेत. पहिला नोड कोणता, पुढचा पॉइंटर कोणता आणि किंमत कुठे एवढं सांगितलं की काम झालं. जीडीबीचा प्रिंटर म्हणजे पायथनमधला वीस-तीस ओळींचा क्लास.

लिहिताना तीन पथ्यं पाळा. प्रिंटरने फक्त मेमरी वाचावी, प्रोग्राममधलं फंक्शन बोलावू नये. का ते प्रश्न ८ आणि १७ मध्ये आहे. नोडच्या संख्येवर मर्यादा घाला, कारण आपण डीबगर उघडतो तेव्हा स्ट्रक्चर बिघडलेलं असण्याचीच शक्यता जास्त, आणि शेवटचा नोड पहिल्याकडे वळला असेल तर प्रिंटर फिरतच राहील. तिसरं पथ्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं: विसंगती लपवू नका. काउंट फील्ड म्हणतंय ५ आणि चालत गेल्यावर नोड सापडले ४, तर दोन्ही आकडे छापा. तो एक आकड्याचा फरक कित्येकदा संपूर्ण उत्तर असतो.

७. दोनशेनंतर तीन टिंबं येतात. माझा डेटा हरवला का?

डेटा जागेवर आहे. साधनाने छापणं थांबवलं. प्रत्येकाची मर्यादा वेगळी. जीडीबी २०० घटकांवर थांबतो (‘सेट प्रिंट एलिमेंट्स ०’ दिलं की मर्यादा जाते). डेल्व्ह स्ट्रिंगची ६४ अक्षरं आणि अ‍ॅरेचे ६४ घटक दाखवतो. नोड जेएसमध्ये अ‍ॅरेचे १०० घटक आणि खोलीच्या दोन पातळ्या. त्याखाली चौकटी कंसात नुसतं ‘ऑब्जेक्ट’ लिहून येतं. तिथे कन्सोल.डिरला डेप्थ नल असा पर्याय द्या. पायथनच्या लायब्ररींपैकी नमपाय १००० पेक्षा मोठ्या अ‍ॅरेची फक्त टोकं दाखवतो, पांडाज ६० पेक्षा जास्त ओळी असल्या की मधल्या गाळतो.

जीडीबीची आणखी एक सवय माहीत असू द्या. ओळीने दहाहून जास्त वेळा तीच किंमत आली तर तो ‘रिपीट्स इतक्या वेळा’ असं आखडून लिहितो. अ‍ॅरे लहान झाल्यासारखा वाटतो, तसा तो झालेला नसतो.

८. डीबगरमध्ये बघितलं की प्रोग्राम बरोबर चालतो, नाही बघितलं की चुकतो. असं कसं होईल?

होतं, आणि या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, कारण यात माझे स्वतःचे दोन दिवस गेले आहेत. जावात लिंक्डहॅशमॅप वापरून कॅश केली होती: जागा भरली की सर्वांत आधी वापरलेली नोंद काढायची. नको ती नोंद निघून जात होती. मी वॉच खिडकीत कॅश.गेट आणि ती की असं लिहून ठेवलं आणि पावलं टाकत गेलो, तर नोंद जागेवरच. वॉच काढला की पुन्हा गायब. तो मॅप वापराच्या क्रमाने लावलेला होता, आणि अशा मॅपमध्ये गेट केलं की ती नोंद ‘आत्ताच वापरलेली’ ठरते. प्रत्येक पावलाला माझा डीबगरच ती नोंद वाचवत होता.

म्हणून बघण्याचे दोन प्रकार मनात पक्के वेगळे ठेवा. पहिल्यात डीबगर मेमरी वाचतो; प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. दुसऱ्यात तो तुमच्या प्रोग्रामचाच कोड चालवतो. एलएलडीबीत हा भेद सरळ दिसतो: ‘फ्रेम व्हेरिएबल’ फक्त वाचतं, ‘पीओ’ ऑब्जेक्टची वर्णन करणारी पद्धत चालवतं. जावातल्या खिडकीत टूस्ट्रिंग, सी शार्पमध्ये प्रॉपर्टीचे गेटर, पायथनमध्ये रेपर तुम्ही न मागताच चालू शकतात. व्हिज्युअल स्टुडिओ आणि इंटेलिजे दोन्हींत हे आपोआप चालणं बंद करता येतं. संशय आला की सर्वांत आधी ते बंद करा.

नेहमी सापडणारे सापळे असे. पायथनच्या डिफॉल्टडिक्टमध्ये नसलेली की चौकटी कंसात विचारली तर ती तयार होते. सी++ च्या मॅपचंही तसंच. जनरेटरवर लिस्ट चालवून ‘आत काय आहे बघू’ म्हटलं की तो रिकामा होतो आणि पुढच्या ओळीला काहीच मिळत नाही. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधला क्वेरीसेट नुसता छापला तरी डेटाबेसकडे खरी क्वेरी जाते, २१ ओळींच्या मर्यादेने. हॅस्केल या बाबतीत शिस्तीचं आहे: जीएचसीआय या त्याच्या कन्सोलमध्ये ‘:स्प्रिंट’ दिलं तर अजून न मोजलेला भाग अंडरस्कोर म्हणून दिसतो, मोजायला लावायचं असेल तर ‘:फोर्स’ मुद्दाम द्यावं लागतं.

९. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये छापलेला ऑब्जेक्ट उघडला तर नंतरची किंमत दिसते. कन्सोल खोटं बोलतो का?

कन्सोल.लॉगला तुम्ही ऑब्जेक्टची प्रत देत नाही, त्याच्याकडे जाणारा दुवा देता. क्रोममध्ये मिटलेली एक ओळीची झलक छापतानाची असते, पण बाण दाबून उघडलं की आतलं त्या क्षणी वाचलं जातं. तोवर कोडने ऑब्जेक्ट बदललेला असतो. शेजारी छोटी ‘आय’ची खूण असते, तिच्यावर माउस नेला की हेच लिहिलेलं दिसतं.

छापतानाची स्थिती हवी असेल तर प्रत छापा. स्ट्रक्चर्डक्लोन चांगला, फक्त आत फंक्शन असेल तर तो एरर देतो. जेसनमध्ये बदलून छापण्याची जुनी पद्धत सोपी आहे, पण ती अनडिफाइन्ड आणि फंक्शन गुपचूप गाळते, मॅपचे नुसते रिकामे कंस करते आणि ऑब्जेक्ट स्वतःकडेच वळत असेल तर एरर देते. सगळ्यात भरवशाचं म्हणजे तिथे ब्रेकपॉइंट लावून थांबणं.

१०. ट्री किंवा ग्राफचं चित्र काढून दाखवणारं काही आहे का?

आहे. जीडीबीवर बसणारा डीडीडी १९९० च्या दशकापासून हे करतो: पॉइंटरवर डबल क्लिक केलं की पुढचा नोड चौकोनात उघडतो आणि मध्ये बाण येतो. दिसायला तो जुना आहे, कल्पना मात्र अजून तितकीच चांगली. शिकणाऱ्यांसाठी फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये सुरू केलेला पायथन ट्यूटर अप्रतिम आहे. दोन नावं एकाच लिस्टकडे बोट दाखवतात म्हणजे काय, हे त्यातल्या बाणांकडे बघून पाच मिनिटांत कळतं. व्हीएस कोडमध्ये डीबग व्हिज्युअलायझर नावाचं एक्स्टेन्शन मिळतं.

मी स्वतः मात्र ग्राफव्हिझकडे वळतो. डॉट भाषेत लिहिलेल्या मजकुरावरून ते ग्राफचं चित्र काढतं. नोडवरून फिरून प्रत्येक बाणाची एक ओळ डॉट भाषेत लिहिणारं दहा ओळींचं फंक्शन प्रोग्राममध्येच ठेवायचं आणि डीबगरमधून हवं तेव्हा बोलवायचं. नोडच्या लेबलमध्ये किंमतीसोबत पत्ताही लिहा. दोन नोडमध्ये ७ असेल तर ते वेगळे आहेत की एकाच नोडकडे दोन वाटांनी आलो, हे पत्त्याशिवाय कळणार नाही. ग्राफ पन्नासेक नोडच्या पुढे गेला की चित्राचं जाळं होतं. तेव्हा संशयित नोडभोवतीच्या दोन पातळ्याच काढा.

११. फील्डची किंमत चुकीची आहे हे दिसलं. ती कोणी बदलली हे कसं शोधू?

वॉचपॉइंट लावा. जीडीबीत ‘वॉच’, व्हिज्युअल स्टुडिओत डेटा ब्रेकपॉइंट, जावाच्या साधनांत फील्ड वॉचपॉइंट. त्या जागेवर कोणीही लिहिलं की प्रोग्राम तिथेच थांबतो.

एक्स८६ प्रोसेसरमध्ये यासाठी चारच डीबग रजिस्टर असतात आणि प्रत्येक जास्तीत जास्त ८ बाइटवर लक्ष ठेवतं. आख्ख्या मोठ्या स्ट्रक्चरवर वॉच लावलात तर जीडीबी प्रोसेसरच्या प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर थांबून तुलना करू लागतो आणि प्रोग्राम शेकडो पटींनी मंदावतो. नेमकं एक फील्ड निवडा. लोकल पॉइंटरमधून वॉच लावला असेल तर फंक्शन संपताच तो निघून जातो. ‘वॉच -एल’ दिलं तर पत्त्यावर टिकतो.

लिनक्सवर असाल आणि दोष सहज परत घडत नसेल तर आरआर शिका. मोझिलात तयार झालेलं हे साधन प्रोग्रामची धाव नोंदवून ठेवतं. मग जिथे कोसळला तिथे उभं राहून बिघडलेल्या फील्डवर वॉच लावायचा आणि ‘रिव्हर्स-कंटिन्यू’ द्यायचं. प्रोग्राम उलटा चालत थेट त्या लिहिणाऱ्या ओळीवर थांबतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी ती धाव तीनदा पुन्हा चालवली, इतका आनंद झाला होता.

पायथनच्या पीडीबीत वॉचपॉइंट नाही. क्लासमध्ये सेटअ‍ॅट्र तात्पुरती लिहून त्यात ब्रेकपॉइंट ठेवला की काम भागतं.

१२. फील्डमध्ये सीडी, सीडी किंवा डीडी, डीडी असे हेक्स बाइट भरलेले दिसतात. ही कसली किंमत?

ही खूण आहे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची डीबग लायब्ररी मुद्दाम असे बाइट भरते: हीपवर मिळालेली पण अजून न भरलेली जागा सीडी, मोकळी केलेली जागा डीडी, ब्लॉकच्या कडेची राखीव जागा एफडी, स्टॅकवरची न भरलेली जागा सीसी. म्हणजे डीडी दिसलं की तो नोड आधीच डिलीट झाला आहे आणि तुम्ही जुन्या पॉइंटरने बघता आहात.

पॉइंटरचा आकडा वेडावाकडा दिसला तर त्याचे बाइट अक्षरं म्हणून वाचून बघा. जीडीबीत ‘एक्स/८सीबी’ आणि पुढे त्या पॉइंटर फील्डचा पत्ता. वाचता येणारा शब्द निघाला तर शेजारची स्ट्रिंग आपली हद्द ओलांडून पॉइंटरवर लिहिली गेली आहे. आकडा म्हणून वाचताना लक्षात ठेवा, एक्स८६ वर आकड्याचा सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी असतो, त्यामुळे अक्षरं उलट्या क्रमाने दिसतात.

१३. फील्डच्या आकारांची बेरीज ६, पण साइझऑफ १२ सांगतो. उरलेले कुठे गेले?

मोकळ्या जागेत. कॅर, इंट, कॅर असा क्रम असेल तर इंटला चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसवण्यासाठी आधी तीन बाइट रिकामे सोडले जातात, आणि शेवटी आणखी तीन. इंट आधी घेतला तर तेच स्ट्रक्चर ८ बाइटांत बसतं. जीडीबीत ‘पीटाइप/ओ’ प्रत्येक फील्ड कुठे सुरू होतं आणि भोकं कुठे आहेत ते दाखवतो. पाहोल हे साधन आख्ख्या प्रोग्रामसाठी तेच करतं. दोन स्ट्रक्चरची बाइटवार तुलना करणार असाल तर या भोकांत काहीही असू शकतं हे विसरू नका.

१४. हा ऑब्जेक्ट खरोखर किती मेमरी धरून आहे, हे कुठे दिसेल?

आधी कोणता आकार ते ठरवा. पायथनमध्ये सिस.गेटसाइझऑफला हजार घटकांची लिस्ट दिली तर ६४-बिट संगणकावर ८ हजारांच्या आसपास बाइट सांगतो, मग घटक छोटे आकडे असोत की भलीमोठी चित्रं. तो फक्त दुवे मोजतो.

खरा प्रश्न असतो की हा ऑब्जेक्ट गेला तर किती जागा सुटेल. जावात हीप डंप (हीपवरच्या सगळ्या ऑब्जेक्टची फाइलमधली प्रत) घेऊन एक्लिप्स मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये उघडा आणि ‘रिटेन्ड’ स्तंभ बघा. ‘शॅलो’ म्हणजे वरचाच उथळ आकार. तिथल्या डॉमिनेटर ट्रीत सगळ्यांना धरून ठेवणारा एक ऑब्जेक्ट सहसा वरच सापडतो. क्रोमच्या मेमरी टॅबमध्येही हेच दोन स्तंभ आहेत. पायथनमध्ये कोणत्या ओळीने मेमरी मागितली हे ट्रेसमॅलॉक सांगतं.

१५. दोन स्ट्रिंग डीबगरमध्ये हुबेहूब सारख्या दिसतात, तरी तुलना खोटी येते. का?

मराठीत हे वरचेवर घडतं. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकदा ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य, दुसऱ्यांदा साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि य. पडद्यावर फरक दिसत नाही. पण ‘ऱ्या’ पहिल्या पद्धतीत ४ कोडपॉइंट आणि यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट, दुसऱ्यात ५ कोडपॉइंट आणि १५ बाइट. शोध लागत नाही, मॅपमध्ये की सापडत नाही.

इथे चित्र काहीच सांगणार नाही, बाइटच बघावे लागतात. पायथनमध्ये आस्की() हे फंक्शन प्रत्येक कोडपॉइंट उघडा करतं. जीडीबीत देवनागरीऐवजी उलट्या तिरक्या रेघांचे आकडे दिसले तर घाबरू नका, ते अष्टमानातले बाइट आहेत. युनिकोड नॉर्मलायझेशनने र आणि खालचा नुक्ता एकत्र होऊन ऱ होतो, पण जोडकवालं रूप त्याने बदलत नाही. ते तुम्हालाच एका रूपात आणावं लागतं.

इतर भाषांतही नियम तोच: आधी लांबी, मग कोडपॉइंट. शेवटची मोकळी जागा आणि न तुटणारी जागाही अशाच सापडतात.

१६. अनेक थ्रेड आहेत. थांबल्यावर दिसणारं स्ट्रक्चर विश्वासार्ह असतं का?

बाइट म्हणून हो, अर्थ म्हणून दर वेळी नाही. जीडीबी थांबला की नेहमीच्या पद्धतीत सगळे थ्रेड थांबतात, पण दुसरा थ्रेड लिस्टमध्ये नोड घुसवण्याच्या मधोमध थांबलेला असू शकतो. पुढचा पॉइंटर बदललाय, मागचा अजून नाही. हा दोष आहे असं ठरवण्याआधी ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ देऊन (‘बीटी’ म्हणजे बॅकट्रेस, स्टॅकची यादी) त्या स्ट्रक्चरच्या कोडमध्ये कोणी उभं आहे का ते पाहा, आणि लॉक कोणाकडे आहे ते पाहा.

या स्थितीत प्रोग्रामचं फंक्शन बोलावणं आणखी धोक्याचं. त्याला लॉक लागलं आणि ते थांबलेल्या थ्रेडकडे असलं तर डीबगर अडकून बसतो. जीडीबी म्हणून फंक्शन चालवताना इतर थ्रेडही चालू देतो, म्हणजे तुम्ही बघत असताना स्ट्रक्चर बदलू शकतं. ‘सेट शेड्युलर-लॉकिंग ऑन’ दिलं तर फक्त तुमचाच थ्रेड चालतो, मात्र अडकण्याचा धोका परत येतो. यातून सुटका म्हणजे फक्त वाचणारा प्रिंटर, प्रश्न ६ मधला.

१७. प्रोग्राम कोसळून गेला, हातात फक्त कोअर डंप आहे. त्यातून स्ट्रक्चर बघता येतं?

कोअर डंप म्हणजे कोसळण्याच्या क्षणीची मेमरी साठवलेली फाइल. ती वाचता येते, चालवता येत नाही. ‘जीडीबी’, प्रोग्रामचं नाव आणि कोअर फाइल असं दिलं की स्टॅक, लोकल व्हेरिएबल, पॉइंटरमागून जाणं असं बहुतेक सगळं चालतं. फंक्शन बोलावलंत की जीडीबी सांगतो की त्यासाठी चालू प्रोसेस लागते. प्रश्न १० मधलं माझं ग्राफव्हिझचं फंक्शन इथे उपयोगाचं नाही. मेमरी वाचणारे पायथनमधले प्रिटी प्रिंटर मात्र जसेच्या तसे चालतात. म्हणूनच ते तसे लिहावेत असं मी वर म्हटलं.

प्रोग्रामची फाइल नेमकी तीच हवी जी कोसळली. त्याच कोडवरून आज नव्याने कंपाइल केलेली चालेल असं धरू नका. पत्ते सरकले तर डीबगर पूर्ण आत्मविश्वासाने चुकीची फील्ड दाखवेल. लिनक्सवर दोन्हींचा बिल्ड-आयडी (फाइलमध्येच असलेली त्या बिल्डची ओळख) जुळवून पाहा. डंप तयारच होत नसेल तर ‘यूलिमिट -सी’ शून्य आहे का ते बघा. सिस्टमडी असलेल्या संगणकावर ‘कोअरडंपसीटीएल’ ने जुने डंप मिळू शकतात.

डंप कोणाला पाठवण्याआधी एक विचार करा. त्यात त्या क्षणाची मेमरी आहे: वापरकर्त्यांची नावं, टोकन, पासवर्ड, जे काही स्ट्रक्चरमध्ये होतं ते. मदत मागायची असेल तर आख्खी फाइल देण्याऐवजी ‘बीटी’चं उत्तर आणि संशयित स्ट्रक्चरची छापील प्रत, त्यातली खासगी फील्ड झाकून, पाठवणं बहुतेक वेळा पुरेसं होतं.